अवकाशातील डेटा सेंटर : पोकळीविषयीचे दोन गैरसमज

डेटा सेंटर म्हणजे हजारो संगणक एकत्र चालवणारे केंद्र. त्याला दोन गोष्टी सतत लागतात : वीज आणि थंडावा. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे ही गरज झपाट्याने वाढू लागल्यावर अशी केंद्रे अवकाशातच न्यावीत, असा विचार पुढे आला. अमेरिकेतील स्टारक्लाउड या कंपनीने २०२४ साली (तेव्हाचे तिचे नाव ल्युमेन ऑर्बिट) ५ गिगावॅटच्या केंद्राचा आराखडा मांडला. त्यातील पंखांची लांबी-रुंदी प्रत्येकी सुमारे ४ किलोमीटर आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये कंपनीने एक छोटा प्रायोगिक उपग्रह कक्षेत पाठवला. त्याच महिन्यात गूगलने 'सनकॅचर' हा याच दिशेचा प्रकल्प जाहीर केला.

विजेपुरती ही कल्पना भक्कम आहे. पृथ्वीजवळच्या कक्षेत दर चौरस मीटरला सुमारे १३६० वॅट सूर्यऊर्जा मिळते, आणि योग्य कक्षा निवडली तर उपग्रहावर रात्र जवळजवळ होतच नाही. आक्षेप आहे तो 'अवकाश थंड असते, म्हणून शीतकरण फुकट' या विधानाला.

थर्मासमधला चहा तासन्‌तास गरम का राहतो? त्याच्या दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी असते. तिच्यातून वहन आणि अभिसरण होत नाही. अवकाशातला संगणक असाच थर्मासमध्ये बसलेला असतो. पंख्याने वारा घालावा तर हवा नाही. उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो : प्रारण. स्टीफन-बोल्ट्झमनच्या नियमानुसार ३०० केल्विन तापमानाचा आदर्श काळा पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे ४६० वॅट उत्सर्जित करतो. पत्र्याच्या दोन्ही बाजू धरल्या तर ९२० वॅट. म्हणजे ५ गिगावॅटसाठी किमान ५.४ चौरस किलोमीटर पत्रा हवा. यात सूर्याकडून व पृथ्वीकडून येणारी उष्णता धरलेलीच नाही.

हे निसर्गनियमांच्या विरुद्ध नाही, पण 'फुकट' मुळीच नाही. समजा, नळ्या व द्रव धरून या पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला केवळ ५ किलो आहे. तरी एकूण वजन २७,००० टन होते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचे वजन सुमारे ४२० टन आहे आणि त्याची मुख्य शीतकरण यंत्रणा सुमारे ७० किलोवॅट उष्णता बाहेर टाकते. आराखड्यातील केंद्राला त्याच्या सत्तर हजार पटींहून अधिक क्षमता लागेल. शिवाय बिघडलेला भाग बदलायला तिथे तंत्रज्ञ नसेल.

दुसरा गैरसमज कायद्याचा. अवकाश कोणाच्याच मालकीचे नाही, म्हणून तिथली माहिती कोणत्याच कायद्याच्या कक्षेत येत नाही, असे काहींना वाटते. १९६७च्या अवकाश कराराने अवकाशावर राष्ट्रीय मालकी नाकारली हे खरे. पण त्याच करारानुसार उपग्रहावर तो नोंदवणाऱ्या देशाचा अधिकार चालतो, आणि खासगी कंपनीच्या कृतीचीही जबाबदारी तिच्या देशावर असते. १९७२च्या दायित्व करारानुसार उपग्रह जमिनीवर कोसळून झालेली हानी प्रक्षेपक देशाने भरून द्यायची असते. १९७८मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला कॉसमॉस-९५४ कॅनडात कोसळला. कॅनडाने सुमारे ६० लाख डॉलर मागितले. १९८१मध्ये ३० लाखांवर तडजोड झाली.

खरी अडचण वेगळी आहे. हे करार यंत्रे डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले आहेत. त्यांतील 'हानी'च्या व्याख्येत जीवित, आरोग्य आणि मालमत्ता येते. माहिती नष्ट झाली किंवा चोरीला गेली तर काय, याचा उल्लेख नाही. भरपाईचा दावाही देशामार्फतच करावा लागतो. उलट आपल्या २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात भारताबाहेरील 'देश किंवा प्रदेश' येथे माहिती पाठवण्यावर निर्बंध घालण्याची तरतूद आहे. पृथ्वीभोवतीची कक्षा हा देशही नाही आणि कोणाचा प्रदेशही नाही. मग एखाद्या रुग्णाची माहिती अमेरिकेत नोंदवलेल्या उपग्रहावर ठेवली, तर ती अमेरिकेला पाठवली असे मानायचे का? प्रचाराच्या लेखांत या प्रश्नाला क्वचितच जागा मिळते. तो उपग्रह चढण्याआधी सोडवायला हवा, कारण त्यात त्या रुग्णाचे हित गुंतलेले आहे.

प्रयोग जरूर व्हावेत. लहान प्रमाणावर ते उपयुक्तच ठरतील. मात्र वर्गात हा विषय निघाल्यास विद्यार्थ्यांना एक गणित अवश्य द्यावे : पत्र्याचे तापमान ३०० ऐवजी ३५० केल्विन ठेवले तर क्षेत्रफळ किती कमी लागेल? उत्तर जवळजवळ निम्म्यावर येईल. मग पुढचा प्रश्न विचारावा : तेवढ्या उष्णतेत संगणक किती काळ टिकतील?