बुलढाणा जिल्ह्यातील आद्य मशिदी : कालनिर्णयासंबंधी काही विचार

बुलढाणा जिल्ह्यात इस्लामचे आगमन केव्हा झाले, हा प्रश्न निघाला की रोहिणखेड व फत्तेखेर्डा येथील दोन मशिदींकडे बोट दाखविण्याचा प्रघात आहे. यांपैकी फत्तेखेर्ड्याची मशीद इ. स. १५८१ ची, तर रोहिणखेडची १५८२ ची. दोहोंचा कर्ता एकच, खुदावंदखान महदवी. शिलालेख आहे, कर्त्याचे नाव आहे, साल आहे. मग आगमनाचा पुरावा म्हणून आणखी काय हवे, असे सहजच वाटते. वस्तुतः शिलालेख इमारतीचा काळ सांगतो, समाजाचा नव्हे.

अलाउद्दीन खल्जी एलिचपुरावरून देवगिरीवर चालून गेला तो १२९६ मध्ये. बहमनी राज्य १३४७ मध्ये स्थापन झाले. १४९० पासून वऱ्हाडात इमादशाही होती आणि १५७४ मध्ये ती अहमदनगरच्या निजामशाहीने गिळली. म्हणजे या मशिदी उभ्या राहिल्या त्या बहमनी स्थापनेनंतर तब्बल सव्वादोनशे वर्षांनी. आगमनाचा प्रश्न तोवर कधीच मागे पडला होता.

त्यांना विजयाची स्मारके म्हणण्यात तर दुहेरी घोटाळा आहे. ‘फत्तेखेर्डा’ या नावातील फत्ते मशिदीची नव्हे. १७२४ मध्ये निजामुल्मुल्क आसफजाहाने मुबारिजखानाचा येथे पराभव केला आणि साखरखेर्ड्याला हे नवे नाव मिळाले. मशीद त्याआधी १४३ वर्षांची. शिवाय ती लढाई दोन मोगल सरदारांमधील होती. घाटाखालच्या रोहिणखेडचीही तीच कथा. १४३७ मध्ये तेथे खानदेशच्या नासिरखान फारुकीशी बहमनी सरदार खलफ हसन बसरी लढला. पुढे १५९१ मध्ये बुऱ्हाण निजामशहा व जमालखान यांचा सामना झाला. दोन्ही प्रसंगी दोन्हीकडचे सेनानायक मुसलमानच होते.

जमालखान हा महदवी पंथाचा. जौनपूरचे सय्यद मुहंमद यांनी पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्वतःस महदी घोषित केले. सुन्नी उलेमांच्या दृष्टीने तो पाखंडच. १५८९ नंतर अहमदनगरची सत्ता हाती येताच जमालखानाने या पंथाला राजाश्रय दिला आणि दोन वर्षांतच तो रोहिणखेडच्या रणात पडला. एका महदवी सरदाराने तेथे मशीद बांधून तेव्हा जेमतेम नऊ वर्षे झाली होती. तेव्हा या वास्तूत धर्माच्या आगमनाची नव्हे, तर इस्लाममधीलच एका अल्पसंख्य पंथाच्या क्षणिक उत्कर्षाची नोंद आहे. ‘महदवी’ हे कर्त्याचे केवळ उपनाव समजून जे पुढे जातात, त्यांनी लेखातील सर्वांत मोलाचा शब्दच वाचलेला नसतो.

इतरत्रही उभ्या मशिदीने असाच चकवा दिला आहे. मालदीव बेटांत धर्मांतराचे परंपरागत साल ११५३, पण माले येथील प्रसिद्ध जुम्मा मशीद १६५८ ची. तेथील अभ्यासकांना बाराव्या शतकाच्या अखेरचे ताम्रपट उपलब्ध असल्याने मधल्या पाच शतकांचा विसर पडत नाही. बुलढाण्यात असे ताम्रपट नाहीत.

तथापि मेहकर आहे. तेथील मोमीनपुरा वेशीवर १४८८ चा फारसी लेख असल्याचे वऱ्हाडच्या जुन्या गॅझेटियरांत नमूद आहे. मोमीन, म्हणजे मुसलमान विणकर, इतके सधन होते की गावाला तट घालण्याचे काम त्यांनी स्वतः अंगावर घेतले, अशी हकीकतही तेथेच सापडते. हकीकतीत अतिशयोक्ती असेल. पण वेशीचे साल खुदावंदखानाच्या पहिल्या मशिदीच्या ९३ वर्षे आधीचे, इमादशाहीच्याही आधीचे आहे. गावाला तट घालावयास एखादी पेठ लागते, तीत मागांची घरे लागतात, एकदोन पिढ्यांची वस्ती लागते. खुदावंदखानाच्या मशिदी देखण्या खऱ्या. परंतु त्यांनी अभ्यासकांची नजर या वेशीवर फारशी पडू दिलेली नाही. मेहकरचे विणकर कोठून आले, कोणत्या घाटाने आले, त्यांचा माल कोणत्या बाजारी जात होता, याचा शोध अद्याप व्हावयाचा आहे.