चिमूट म्हणजे किती?

‘जुलाब झाले तर चिमूटभर मीठ आणि मूठभर साखर पाण्यात घालून पाजा’ हे वाक्य आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत, वर्गात सांगतही आलो आहोत. वाक्य सुटसुटीत आहे, लक्षात राहते. पण विज्ञान शिकवणाऱ्याने त्याला तीन प्रश्न विचारायला हवेत. चिमूट कोणाची? मीठ खड्याचे की बारीक? आणि पाणी किती? यातला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि वाक्यात नेमके तेच गाळलेले आहे.

जलसंजीवनीचे सध्याचे सूत्र जागतिक आरोग्य संघटनेने 2002 साली स्वीकारले. एक लिटर पाण्यात 2.6 ग्रॅम मीठ, 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट. सगळे मिळून साडेवीस ग्रॅम. सोडियम आणि ग्लुकोज आतड्याच्या पेशीत जोडीने शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी आत जाते. पटकीच्या रोग्यातही ही वाट शाबूत असते. पोटॅशियम जुलाबावाटे झालेली तूट भरून काढते, तर सायट्रेट रक्तात वाढलेली आम्लता कमी करते. 1971 साली बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजण्याचा मार्ग धरला. मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आले.

‘संजीवनी’ या नावाने मात्र एक गैरसमज होतो. पूड हेच औषध, आणि जास्त घातली तर गुण लवकर, असे वाटू लागते. खरे औषध पाणी आहे. क्षार आणि साखर ते आत पोचवतात.

आता हिशेब करू. विरघळलेल्या कणांची संख्या मिलिऑस्मोल या एककात मोजतात. योग्य द्रावणात लिटरमागे 245 मिलिऑस्मोल असतात, आपल्या रक्तात साधारण 290. एक लिटरचे पाकीट कोणी 200 मिलिलिटरच्या पेल्यात ढवळले, तर हा आकडा पाचपट, म्हणजे 1225 होतो. समुद्राचे पाणी साधारण 1000 च्या आसपास असते! असे द्रावण शरीराला पाणी देत नाही, उलट शरीरातले पाणी आतड्यात ओढून घेते. बाजारात 200 मिलिलिटरसाठीची लहान पाकिटेही मिळतात. म्हणून पाकिटावरचा पाण्याचा आकडा वाचणे हाच यातला खरा रसायनशास्त्राचा धडा आहे.

बीड जिल्ह्यातील शिक्षकांना हे विशेष सांगायला हवे. दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघतात, तेव्हा लहान मुलेही बरोबर जातात. कोपीवर तान्ह्या भावंडाला सांभाळायला पुष्कळदा आपल्याच वर्गातली मुलगी असते. दवाखाना लांब असतो, हाताशी घागर आणि तांब्या. तिने शाळेतून घोषवाक्य नेले की माप नेले, यावर बरेच अवलंबून आहे.

चिमटीचे माप सरसकट टाकाऊ आहे, असे मात्र नाही. बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेने 1980 ते 1990 या काळात घरोघरी जाऊन तीन बोटांची चिमूट मीठ आणि मूठभर गूळ हीच रीत शिकवली. पण तिथे पाणी ठरलेले होते: अर्धा लिटर. शिवाय आयांनी केलेल्या द्रावणाचे नमुने तपासले जात. आपण चिमूट उचलली, तपासणी सोडून दिली.

द्राव्य, द्रावक, संपृक्त द्रावण यांच्या व्याख्या मुले पाठ म्हणतात. पण तोच चमचा मीठ पेल्यात आणि घागरीत घातले तर काय फरक पडेल, हे त्यांना विचारावे. वर्गातल्या वीस जणांच्या चिमटी कागदावर घेऊन तराजूत तोलाव्यात. वजनांतील फरक फळ्यावर मांडावा. घरच्या तांब्यात किती पाणी मावते, ते लिटरच्या बाटलीने मोजून यायला सांगावे. मग घरगुती सूत्र द्यावे: एक लिटर स्वच्छ पाणी, 5 मिलिलिटरच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते द्रावण टाकून द्यावे. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले किंवा लघवी थांबली, तर दवाखाना गाठावाच. वाटेतही पाजणे सुरू ठेवावे.

घोषवाक्य ठेवायचेच असेल, तर त्याची सुरुवात पाण्याने व्हावी: ‘एक लिटर पाणी घ्या...’