वाट धरणे आणि वाट चालणे

सन्मार्ग निवडणे अवघड, की त्यावर टिकून राहणे अवघड? हा प्रश्न प्रवचनांत पुष्कळदा येतो आणि तिथेच विरतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४-३६) वाचताना मात्र तो थेट आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसतो. ख्रिस्ती कुटुंबाची ही कहाणी ऐन दिवाळीत कशाला, असे कोणी विचारील. धर्म कोणताही असो, एकाने धरलेल्या वाटेची किंमत घरातल्या साऱ्यांना मोजावी लागते. आणि ते इतक्या निर्मळपणे सांगणारे पुस्तक मराठीत विरळा.

१८९३ साली आगगाडीत एका परक्या सहप्रवाशाने नारायण वामन टिळकांच्या हाती बायबल ठेवले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी व लहानगा दत्तू मागे राहिले. टिळकांच्या मनातले मंथन पुस्तकात तितकेसे उलगडत नाही. दिसते ती मागे राहिलेल्या बाईची तडफड. कोणाला हे उणे वाटेल. मला तेच या पुस्तकाचे बळ वाटते. लेखिका नवऱ्याची वकिली करीत नाही आणि त्याच्यावर खटलाही भरीत नाही. त्याचा तापटपणा, घरातले दुसऱ्याला देऊन टाकण्याची खोड, सारे हसत सांगते. साधुपुरुषाचे चरित्र लिहिण्याचा मोह तिला शिवलाच नाही.

पुढे ती नवऱ्याकडे राहायला गेली, ती आपले सोवळे सांभाळीतच. टिळकांनी स्वतःची निवड तिच्यावर लादली नाही. जातिभेद देवाने केला नाही, माणसांनी केला, हे तिला तिच्याच विचाराने उमगले, तेव्हा सोवळे गळून पडले. १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला. मध्ये गेलेली ती पाच वर्षे हाच पुस्तकाचा गाभा होय. टिळकांचा मार्ग सन्मार्ग होता याचा पुरावा मला त्यांच्या धर्मांतरात सापडत नाही, या वाट पाहण्यात सापडतो.

आम्हा खानदेशी वाचकांना आणखी एक पुरावा जवळचा आहे. धरणगावात जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ठरले. पुढे टिळकांनी त्यांना अहमदनगरास आपल्या घरी ठेवून घेतले. त्या ख्रिस्ती घरात हा मुलगा लेकरासारखा वाढला, आणि हिंदूच राहिला. लक्ष्मीबाईंच्या पानांतले ठोंबरे म्हणजे हट्टी, लाडके, रुसणारे पोर. थोर निसर्गकवी नव्हे. धर्म पाहून माया करणाऱ्या लेखणीला असे चित्र साधले नसते. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्टेशनाशी गाडीखाली बालकवींचा अंत झाला.

टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला; म्हणजे संसाराला पुन्हा नवी वाट! ९ मे १९१९ रोजी तेही गेले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनी लिहिले. जिने शाळा पाहिली नव्हती, तिने कवी नवऱ्याचे महाकाव्य हाती घ्यावे, यात निष्ठा आहे आणि केवढी हिंमतही आहे!

जळगाव-धुळ्याच्या वाचनालयांत हे पुस्तक सहज मिळावे. सुट्टीत घरात कोणी एकाने मोठ्याने वाचावे, इतरांनी ऐकावे. मुले हसतील. घरातल्या बायका मात्र मधूनच गप्प होतील. त्या वेळी वाचणाऱ्याने घाई करू नये.