आवाज कमी करायचा, पण कुठे?

जुन्या रेडिओला आवाजाचे बटण एकच असे. ते फिरवले की आतला रोध बदले आणि आवाज लहान-मोठा होई. संगणकावर गाणी ऐकणाऱ्यापुढे मात्र आज तीन बटणे असतात: गाणे वाजवणाऱ्या प्रोग्रॅमचे, संगणकाच्या मुख्य प्रणालीचे आणि अँप्लिफायरचे. काही हौशी मंडळी याही पुढे जातात. ध्वनीवर संगणकातच प्रक्रिया करून ती कमी, मध्यम आणि उच्च कंप्रतेचे भाग वेगळे काढतात आणि प्रत्येक भाग स्वतंत्र अँप्लिफायरमार्फत स्वतंत्र स्पीकरला देतात. कॅमिलाडीएसपीसारखी मोफत सॉफ्टवेअर हे काम उत्तम करतात. अशा मांडणीत आवाज नेमका कोठे कमी करावा? याची सर्रास दिली जाणारी उत्तरे आम्हाला अपुरी वाटतात. त्यांतील उणीव शालेय भौतिकशास्त्राने दाखवता येते.

टक्के कशाचे?

पहिला आक्षेप पडद्यावरील टक्क्यांवर. '५०' म्हणजे निम्मा आवाज, असे कोणीही समजेल. पण निम्मे काय? एखादा प्रोग्रॅम संकेताचा आयाम निम्मा करतो. तेव्हा पातळी ६ डेसिबलने उतरते आणि कानाला थोडासाच फरक जाणवतो. लिनक्सवरील पल्सऑडिओ ही प्रणाली ०.५ चा घन घेते, म्हणजे आयाम एक अष्टमांश होतो आणि पातळी सुमारे १८ डेसिबलने उतरते. आकडा एकच, परिणाम निराळे. आवाज निम्मा झाला असे वाटण्यासाठी साधारण १० डेसिबलची घट लागते. कानाची ही रीत लॉगरिदमच्या जवळची आहे, म्हणून आवाजाची पट्टी डेसिबलमध्येच असावी.

हा केवळ काटेकोरपणा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी सरासरी ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावे, आणि दर ३ डेसिबल वाढीला हा वेळ निम्मा करावा. हेडफोन लावणाऱ्या विद्यार्थ्याला टक्क्यांवरून यातले काहीच कळत नाही.

'बिट गळतात' हे कितपत खरे?

दुसरे मत असे की संगणकात आवाज कमी केला की बिट गळतात, म्हणून तेथे तो कमी करूच नये. हे अर्धसत्य आहे. सीडीवरील प्रत्येक नमुना १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांचा असतो. आयाम निम्मा केला की एक बिट वाया जातो. ४० डेसिबल उतरलो तर साडेसहा बिट जातात आणि जेमतेम साडेनऊ उरतात. हिशेब १६ बिटांतच होत असेल तर आक्षेप रास्त आहे.

पण आजची प्रक्रिया ३२ किंवा ६४ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट पद्धतीने होते, आणि अंकांचे विद्युतदाबात रूपांतर करणारा परिपथ, म्हणजे डॅक, २४ बिट स्वीकारतो. जादा ८ बिट म्हणजे ४८ डेसिबलची मोकळीक. त्याखालील चूक डॅकच्या स्वतःच्या खरखरीत बुडून जाते.

वर्गात हे दाखवता येते. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ०.८ आयामाचा शुद्ध स्वर तयार करा. तो ४० डेसिबलने उतरवा आणि पुन्हा तेवढाच चढवा. तरंग जसाच्या तसा परत येतो. आता उतरवलेला स्वर, 'डिदर' बंद ठेवून, ८ बिटांच्या फाइलमध्ये साठवा, ती फाइल उघडून स्वर चढवा. स्पीकरचा आवाज आधी कमी करायला विसरू नका. गुळगुळीत तरंगाच्या जागी तीन पायऱ्यांचा जिना दिसेल आणि स्वर कर्कश ऐकू येईल. डिदर चालू ठेवून पुन्हा साठवलात, तर पूर्णांक करण्यापूर्वी किंचित यादृच्छिक खरखर मिसळली जाते. मग स्वर स्वच्छ राहतो, फक्त मागे खरखर असते.

खरा प्रश्न साखळीचा

बिटांच्या वादात दोन महत्त्वाच्या गोष्टी झाकल्या जातात. पहिली: डॅकच्या आणि त्यापुढील परिपथांच्या खरखरीवर संगणकातील बटणाचा काहीच परिणाम होत नाही. नेहमीच ४० डेसिबल उतरून ऐकणाऱ्याचे संगीत त्या खरखरीच्या ४० डेसिबल जवळ गेलेले असते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. भाग वेगळे करणाऱ्या मांडणीत डॅक थेट अँप्लिफायरला जोडलेला असतो. प्रोग्रॅम बंद पडला किंवा एखादा सूचनेचा 'टिंग' वेगळ्या वाटेने गेला, तर पूर्ण पातळीचा संकेत नाजूक ट्वीटरवर आणि ऐकणाऱ्याच्या कानावर आदळतो. एवढा भार केवळ सॉफ्टवेअरवर सोडणे आम्हाला मान्य नाही.

उपाय स्वस्त आहे. डॅक आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये ९ किलोओहम व १ किलोओहम रोधांचा विभाजक बसवा आणि १ किलोओहमवरील दाब पुढे न्या. दाब एक दशांश होतो, म्हणजे २० डेसिबलची घट. डॅकचा कमाल दाब २ व्होल्ट असेल तर पुढे ०.२ व्होल्टच जाईल. १ व्होल्टला १०० वॉट देणारा अँप्लिफायर, शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने, ४ वॉटवर थांबेल. घरातल्या ऐकण्याला एवढे बहुधा पुरते. डॅकची खरखरही २० डेसिबलने उतरते. ट्वीटरच्या एकसरीत एक धारित्र जोडले की एकदिश प्रवाह आणि कमी कंप्रतेचे धक्केही अडतात.

मग संगणकातले बटण नकोच का? तसे नाही. स्टिरिओच्या तीन भागांच्या मांडणीत सहा वाहिन्या असतात. सहा वाहिन्यांत तंतोतंत सारखी घट करणे यांत्रिक बटणाला अवघड, गुणाकाराला सोपे. शिवाय हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवले. आवाज किती उतरवला हे संगणकाला ठाऊक असल्याने तो ही उणीव भरून काढू शकतो.

म्हणून आमचे मत असे: कमाल मर्यादा रोधांनी ठरवावी, रोजचा चढउतार संगणकाने करावा, आणि पट्टीवर डेसिबल असावेत. वर्गात विभाजकाचे सूत्र शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे. रोध, वर्गाचा नियम, लॉगरिदम आणि द्विमान अंक एरवी वेगवेगळ्या प्रकरणांत भेटतात. येथे ते एकाच बटणामागे उभे आहेत.