कोल्हा, खोकड आणि लोमड़ी

प्रारंभिक वाचनाच्या पुस्तकांत उत्तरेकडील प्राणी नवे नाहीत. टॉलस्टॉयने १८७५च्या आपल्या नव्या अंकलिपीत तीन अस्वलांची गोष्ट घातली. पुढे, १९९१मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन होण्यापूर्वीची कित्येक वर्षे, मॉस्कोत छापलेली मराठी बालपुस्तके आपल्याकडे येत होती. त्यांतील हिमप्रदेश आपल्या मुलांना परका, असा आक्षेप घेता येईल. परंतु तो वरवरचा आहे. अस्वल मुलाला ठाऊक असते. ‘पांढरे’ हे एकच विशेषण त्याला ध्रुवापर्यंत नेते.

खरी अडचण शब्दाची आहे. रशियन लोककथेतील धूर्त प्राणी स्त्रीलिंगी. त्याला मराठीत नेमका शब्द ‘खोकड’. तरी इसापाच्या द्राक्षांपासून आपण त्यास ‘कोल्हा’च म्हणत आलो. पुण्यात हे खपून जाते. रायपूरच्या बूढापाऱ्यात, माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांच्या नावाची शाळा असलेल्या वस्तीत, ते खपत नाही. तेथील मराठी घरातले मूल हिंदीतून ‘लोमड़ी’ आणि ‘सियार’ हे दोन प्राणी वेगळे ओळखते. छत्तीसगढीतला ‘कोलिहा’ म्हणजे सियारच, हेही त्याच्या कानांवर असते. मराठी पुस्तकात मात्र दोघांचा एकच कोल्हा होतो, आणि घरची भाषाच तोकडी, असा समज त्याच्या मनात रुजतो.

वस्तुतः तोकडी पडली ती अनुवादकाची दृष्टी. ‘खोकड’मध्ये एकही जोडाक्षर नाही, ‘खोकडबाई’ म्हटले की कथेतील स्त्रीत्वही परत येते. परक्या प्राण्याला भाषेने आपल्या भांडारातले नेमके नाव दिले काय, हीच अशा पुस्तकाची पहिली कसोटी मानली पाहिजे.