चित्र आणि ओळख : हेकेलच्या रेडिओलॅरियांचे पुनर्वाचन

उंद्रीच्या काळ्या मातीत रेडिओलॅरिया सापडणार नाहीत. ही माती बेसॉल्टची, थिजलेल्या लाव्ह्याची. आणि रेडिओलॅरिया म्हणजे समुद्रात तरंगणारे एकपेशीय जीव. ते मेले की त्यांचे सिलिकाचे सांगाडे तळाच्या गाळात साठतात. बहुतेक सांगाडे जेमतेम 0.1 ते 0.2 मिलिमीटरचे. माझी त्यांच्याशी ओळख झाली ती अर्न्स्ट हेकेलच्या चित्रांतून.

'चॅलेंजर' जहाजाने 1872 ते 1876 या काळात जमवलेल्या नमुन्यांवर हेकेलने 1887 साली अहवाल प्रसिद्ध केला. त्यात 4318 जाती आहेत, त्यांपैकी 3508 नव्या. सोबत 140 चित्रफलक. कितीतरी वर्षे मी ते फलक नक्षीकाम पाहावे तसे पाहिले. मग एका शोधनिबंधातले छायाचित्र त्यांच्याशी जुळवायला बसलो आणि अडलो. तीन वर्णने जवळपास सारखीच लागू पडत होती. त्यांतल्या दोहोंना चित्रच नव्हते.

दोष माझ्या अपुऱ्या शिक्षणाचा, असे आधी वाटले. काही अंशी तो आहेच. पण अहवाल पुन्हा वाचताना दिसले, की हेकेलची मांडणी भूमितीवर उभी आहे. काटे किती, कप्पे किती, छिद्रे कशी, यांवरून तो रकाने पाडतो आणि रकान्यात बसेल त्याला नाव देतो. एकाच जातीत किती फरक पडू शकतो, वाढीबरोबर कवच कसे बदलते, हे प्रश्न मागे राहतात.

त्याशेजारी कॅथरीन निग्रिनी यांचे हिंदी व अटलांटिक महासागरांतील गाळावरचे 1967 चे काम ठेवावे. जाती मोजक्या, पण मापे, आधीच्या लेखकांनी दिलेली नावे, छायाचित्रे आणि आढळ यांची नोंद आहे. वाचायला रुक्ष, वापरायला भरवशाचे.

तरी हेकेलला मोडीत काढता येत नाही. त्याने नाव दिलेली 'बुक्सिनोस्फेरा इन्व्हॅजिनाटा' ही जात निग्रिनींनीच 1971 मध्ये विषुववृत्तीय पॅसिफिकच्या सर्वांत अलीकडच्या थराची खूण ठरवली. ती सुमारे 1.8 लाख वर्षांपूर्वी अवतरली. ओळख चुकली, तर गाळाचे वयच चुकते. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत हिंदी महासागरातला गाळ अभ्यासला जातो, तिथेही अशाच खुणांवर भिस्त असते.

आपण विज्ञानलेखनाला दाद देतो ती बहुधा भाषेच्या देखणेपणाबद्दल. मीही तशीच देत आलो. आता आधी एक प्रश्न विचारतो : हे वर्णन वाचून तिऱ्हाइताला ती वस्तू ओळखता येईल का?