मार्सेलाचा नकार

'डॉन क्विक्झोट'चा पहिला भाग १६०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या बाराव्या ते चौदाव्या प्रकरणांत मार्सेलाची कथा येते. तिच्या प्रेमापायी प्राण गमावलेल्या ग्रिसोस्तोमोचे दफन चालू असताना ती कड्यावर प्रकट होते आणि खाली जमलेल्या पुरुषांना बजावते, की कोणी सौंदर्यावर भाळला म्हणून त्याच्यावर प्रेम करण्याचे ऋण सुंदर स्त्रीच्या माथी येत नाही. उत्तराची वाट न पाहता ती रानात निघून जाते.

स्त्रीवादी समीक्षेने हे भाषण उचलून धरले, ते योग्यच झाले. परंतु त्याआधी एका गुराख्याच्या तोंडून सर्व्हान्टिस जी माहिती देतो, ती सहसा दुर्लक्षित राहते. मार्सेलाची आई तिच्या जन्मवेळीच गेली. पाठोपाठ पित्याचेही निधन झाले आणि मोठी संपत्ती तिच्या वाट्याला आली. तिला वाढविणारा धर्मगुरू नात्यातलाच. मुलीच्या इच्छेविरुद्ध तिचे लग्न लावू नये, अशा मताचा. त्याचा हा विवेक त्याच्या पदाला साजेसाच होता. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाहासाठी धर्मगुरू आणि साक्षीदार यांची उपस्थिती अनिवार्य केली. वधूवरांची संमती हा तर विवाहाचा पायाच मानला होता. तेव्हा मार्सेलाचे स्वातंत्र्य केवळ वाणीचे नव्हे. त्यामागे वारसा आहे, आणि आज्ञा देणारा पिता हयात नाही. आपल्याजवळ स्वतःचे धन असल्याचे ती त्या भाषणातही सांगते.

याच कादंबरीतील दोरोतेआ अधिक अवघड आहे, आणि कदाचित अधिक खरीही. धनाढ्य शेतकऱ्याची ही मुलगी पेरणी, तेलाचे घाणे, द्राक्षरसाचे कोलू, गुरे, मधाची पोळी यांचा सारा हिशेब सांभाळते. १५८३ मध्ये फ्राय लुईस दे लेओन याने 'परिपूर्ण पत्नी'त गृहिणीच्या ज्या दक्षतेचा गौरव केला, ती सारी दोरोतेआजवळ लग्नापूर्वीच आहे. तिचा उपयोग मात्र होत नाही. सरदारपुत्र फर्नांडो दासीला साक्षी ठेवून वचन देतो, अंगठी देतो आणि तिला टाकून जातो. धर्मगुरूवाचून दिलेल्या वचनाने, ट्रेंटनंतर, विवाह सिद्ध होत नव्हता. पुरुषवेषात डोंगर तुडवलेल्या दोरोतेआला अखेर एका खानावळीत, चारचौघांसमोर, त्याच फर्नांडोच्या पायांशी बसून आपला हक्क मांडावा लागतो. तिचा युक्तिवाद मार्सेलाच्या भाषणाहून सरस आहे. पण त्यातून तिला मिळतो तो हाच नवरा. या शेवटाला सुखान्त म्हणताना वाचक अडखळतो, आणि त्याने अडखळावे.

मारिया दे सायास हिने १६४७ च्या आपल्या कथासंग्रहात हा सुखान्तच नाकारला. पत्नींच्या छळाच्या कथा ऐकल्यावर लिसिस ठरलेला विवाह मोडते आणि मठात राहावयास जाते, तेही संन्यासिनीची दीक्षा न घेता. मठाची भिंत येथे वैराग्याची खूण नाही. तो सुरक्षित पत्ता आहे.

मार्सेलापाशी तशी भिंत नाही. तिच्या मागे कोणी जाऊ नये, असे डॉन क्विक्झोट तलवारीला हात घालून दरडावतो. नंतर तिच्या सेवेचे निमित्त करून तो स्वतःच सांचोसह त्या रानात शिरतो आणि दोन तासांहून अधिक वेळ तिला शोधतो. ती सापडत नाही.